छावणीत लागलेली उचकी

पहिलंच सांगून टाकते. भूत, करणी, नजर, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. माझ्या सासूच्या अंगात यायचं, आणि ते बरोबर भाकरी थापायच्या वेळेलाच यायचं, हे मी नवी नवरी असतानाच हेरलं होतं. तेव्हापासून माझा या गोष्टींवरचा विश्वास गेला तो गेला.

नात मला तुम्हा लोकांचे अनुभव फोनवर वाचून दाखवते. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात. माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. माझ्या गोष्टीत फक्त उचकी आहे. लोक म्हणतात, त्या उचकीनं माझ्या मालकाचा जीव वाचवला. मी तसं म्हणत नाही. पण मग काय झालं, तेही मला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली. टाईप नातीनं केलं, शब्द माझे. तिनं मधे दोन ठिकाणी ‘भयाण शांतता’ घातली होती, ती काढायला लावली. छावणीत शांतता कुठली आलीय.

तर ठिकाण — बीड जिल्हा, गेवराई तालुका. आमचं गाव तलवाड्यापासून आत आहे. साल तेरा, म्हणजे दुष्काळाचं. आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा त्या वर्षी उभ्या वाळल्या. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं आणि उरलेल्यांतलं अर्धं जनावरं घेऊन चाऱ्याच्या छावणीत. छावणी दूध सोसायटीनं उघडली होती, माजलगावच्या रस्त्याला, बंद पडलेल्या सहकारी जिनिंगच्या आवारात. जिथं एके काळी कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथं आता पत्र्याखाली म्हशींची रांग. सोसायटी ऊस आणि पेंड द्यायची, टँकरनं पाणी यायचं. नियम एकच होता. जनावराच्या कानाला बिल्ला पाहिजे आणि मोजणीच्या वेळी घरचं माणूस दावणीपाशी उभं पाहिजे. माणूस नसलं तर दावण मोडायची, म्हणजे जनावरं घेऊन चालू लागायचं.

बहुतेक घरांतून पुरुषच छावणीत राहिले होते. आमच्यात उलटं. माझ्या दोन्ही म्हशी मालकाला कासेला हात लावू देत नव्हत्या, आणि मालकाला घर सोडवत नव्हतं. विहीर आटली की गाळ काढून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. पाणी असताना गाळ दिसत नाही, आणि दिसला तरी काढता येत नाही. मालक रोज थोडा उकरायचे. एकटेच, कारण हाताशी घ्यायला धडधाकट दुसरं कुणी गावात नव्हतंच.

मी निघताना म्हटलं होतं, “एकट्यानं उतरू नका.”

“मंग काय सरपंचाला उतरवू?” म्हणाले.

घरात मोबाईल एकच. तो माझ्यापाशी, कारण जनावरं माझ्यापाशी.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, उगाच झुलवत ठेवायची मला सवय नाही. मी छावणीत उचक्या देत होते, तेव्हा मालक आमच्या विहिरीच्या तळाला मांडी मोडून पडलेले होते. हे तुम्हाला आता ठाऊक आहे. मला तेव्हा नव्हतं.

सोमवारी दुपारी पाणी पाजून झालं, मी उन्हातून येऊन चहा घेतला आणि उचकी लागली. कुणाला लागत नाही? मी लक्ष दिलं नाही. दूध काढायची वेळ झाली तरी चालूच. धार काढताना उचकी आली की हात हिसकायचा, आणि म्हैस मान वळवून बघायची, की ही बाई आज असं काय करतेय.

शेजारच्या दावणीला पारूबाई होती. माझ्याच वयाची, पण जगातल्या सगळ्या दुखण्यांवरचं औषध तिच्याजवळ.

“साखर घे जिभेवर,” ती म्हणाली. “चावायची न्हाई. इरघळू द्यायची.”

घेतली. एरवी साखरेनं माझी उचकी थांबते, हे खरं आहे. त्या दिवशी नाही थांबली. मग गार पाणी घोट घोट करून. मग नाक दाबून दम कोंडून धरला. मग गुडघे छातीशी घेऊन बसले. मग लिंबाची फोड चोखली. या सगळ्यांनी फरक पडतो, मी कितीदा पाहिलंय. यात जादू नाही, श्वास थोडा अडला की उचकी जाते, एवढंच. त्या दिवशी जरा वेळ थांबल्यासारखी व्हायची, आणि पुन्हा येताना आधीच्यापेक्षा जोरात यायची.

“हिला भ्याव दाखवाया पायजे,” पारूबाई म्हणाली.

छावणीत उस्मानभाई म्हणून मिस्त्री होते. गेवराईचे. कडबाकुट्टीचं मशीन बिघडलं की दुरुस्त करायचे, आणि त्यांची बायको रशीदाबी फाटकाजवळ चहाचं दुकान चालवायची. पारूबाईनं त्यांना गुपचूप बोलावून आणलं आणि माझ्या पाठीमागं पत्र्यावर हातोडा हाणायला लावला. पत्रा असा वाजला की माझी धाकटी म्हैस दावं तोडून थेट पाण्याच्या हौदापर्यंत गेली. तिला आणायला चार माणसं लागली. मला उचकी होती तशीच.

“काकू, तुमी भ्याल्याच न्हाईत,” उस्मानभाई म्हणाले.

“मी पत्र्याला कशाला भिऊ?”

रात्र तशीच गेली. सकाळी जनावरांचे डॉक्टर आले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मावशी, म्हशीला लागली असती तर सुई टोचली असती. माणसाचं माझ्या पगारात न्हाई.” मग जरा बसले आणि म्हणाले, “उन्हातून येऊन कडक चहा पिता, वरून मिसरी लावता, भाकर उभ्यानं खाता. पोटात वारा धरणार न्हाई तर काय? सरकारी दवाखान्यात जा.”

मंगळवारी गेले. तिथं डॉक्टरीणबाई होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. मी तिला सरळ विचारलं, “बाई, उचकी म्हणजे काय असतं? थांबायचं नंतर बघू, आधी हाय काय ते सांगा.”

ती हसली. तिला असं कुणी विचारलं नसावं. म्हणाली, “मावशी, छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. तो भात्यासारखा खालीवर होतो, म्हणून आपण श्वास घेतो. त्या पडद्याची शीर चिडली की त्याला झटका बसतो. झटक्यानं हवा आत येते आणि घशातलं दार फटकन बंद होतं. त्या दाराचा आवाज म्हणजे उचकी.”

मला ते पटलं. दार आपटल्यासारखाच आवाज असतो.

“आणि ती शीर चिडती कशानं?”

“घाईनं जेवण, पोट फुगणं, गरम आणि गार एकावर एक, तिखट, तंबाखू, पित्त. कधी कधी काळजीनंसुद्धा.”

“दुष्काळात काळजी नसलेलं माणूस मला दावा,” मी म्हटलं.

तिनं साखरेचा आजार आहे का, मूत्रपिंडाचं काही दुखणं आहे का, नवीन गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. मला काही नव्हतं. गोळ्या दिल्या, मिसरी बंद करायला सांगितली आणि बजावलं, “उद्या दुपारपर्यंत थांबली नाही तर बीडला जायचं. दोन दिवसांच्या वर उचकी चालली तर रक्त तपासावं लागतं. अंगावर काढू नका.”

गोळीनं तासभर डोळा लागला. उठले तर पुन्हा.

बुधवारी सकाळी मी रशीदाबीच्या दुकानात बसले होते. अंगात ताकद नव्हती. भाकरीचा तुकडा गिळायचा तर उचकी त्याला अर्ध्यातून परत पाठवायची. बीडची गाडी दहाच्या सुमाराला होती. पण त्याच दिवशी तहसीलची माणसं मोजणीला येणार होती. काय करावं, हा विचार चाललेला, तेवढ्यात पारूबाई आली.

“नावं घेतली का?” तिनं विचारलं.

हे तुम्हाला ठाऊक असेलच. उचकी लागली की कुणीतरी आपली आठवण काढतंय. एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावाला थांबली तो आठवण काढणारा. मी लहानपणी हा खेळ खेळलेय, त्यापलीकडे त्याला किंमत दिली नाही. पण उचकीनं माणूस इतकं थकतं की कुणी शेण खा म्हणालं तरी विचार करतं.

पुण्याच्या मुलाचं नाव घेतलं. सुनेचं. माजलगावला दिलेल्या मुलीचं, जावयाचं, नातवंडांचं. भावांची, वहिन्यांची. एकालाही उचकी थांबली नाही. पारूबाई एकेक बोट मिटवत मोजत होती.

“मालक?”

“मालक,” मी म्हटलं. उचकी आली.

“झालं, मालक बी न्हाईत,” पारूबाईनं ते बोट मिटवलं. “आता कोण शिव्या देतंय ते बघू. सोसायटीचा चेअरमन घे.”

चेअरमनचं घेतलं. नाही. गावच्या पोलीस पाटलाचं घेतलं. नाही.

रशीदाबी चहा गाळता गाळता थांबली. “काकू, मालक ये क्या नाव हाय का?”

“म्हंजी?”

“इथं दर दावणीला एक मालक हाय. तुमी मालक म्हणून हाक मारली तर समदी छावणी वळून बघंल. असली नाव घ्या ना.”

“ते मी घेत नसते.”

“कावून?”

“आमच्यात घेत न्हाईत.”

“तो फिर बसा उचक्या देत,” रशीदाबी म्हणाली आणि पुन्हा चहा गाळायला लागली.

पारूबाईला मात्र ते पटलं. ती म्हणाली, “तिचं बरोबर हाय. उखाण्यात घे, म्हंजी झालं. लग्नात घेतला असंल की.”

लग्नातला उखाणा मला आठवत होता. म्हणायला लागले. पण उचकी अशी इरसाल, की नावापर्यंत आले की नेमकी नावाच्या जागी यायची. तीनदा म्हटला, तीनदा तसंच. बाकड्यावरची माणसं हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, “मावशीच्या नवऱ्याचं नावच उचकी हाय जणू.” मला राग आला. दोन दिवसांचा सगळा राग एकदम आला, आणि मी फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले—

“रंगनाथ!”

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी तोंडानं पहिल्यांदाच घेतलं.

आणि उचकी थांबली.

मी अख्खा पेला चहा प्यायले, सुखानं. पेला खाली ठेवला आणि पुन्हा लागली. नाव घेतलं, थांबली. थोड्या वेळानं पुन्हा लागली.

आता मला चैन पडेना. मी म्हटलं, मोठ्यानं ओरडल्यानं थांबत असेल. म्हणून पारूबाईच्या नवऱ्याचं नाव तेवढ्याच मोठ्यानं ओरडले. पारूबाई भडकली, “माझ्या नवऱ्याला कावून मधी घेती?” पण उचकी चालूच. मग चेअरमनचं नाव ओरडले. चालू. मग मालकाचं नाव अगदी हळू घेतलं, ओठातल्या ओठात. थांबली.

रशीदाबीचं तोंड उतरलं होतं. “काकू, घर फोन लगाव.”

घरी फोन कुठला. गावातल्या विठ्ठल दुकानदाराला लावला. तो म्हणाला, “काका लई बेस हायत, काकू. सकाळीच तर तंबाखूची पुडी घेऊन गेले. काय निरोप द्यायचा?”

“काही न्हाई,” म्हटलं आणि ठेवला. म्हणजे मालक ठीक होते. पण फोन ठेवता ठेवता उचकी आली.

आता तीन रस्ते होते. बीडला जाऊन रक्त द्यायचं. मोजणीसाठी दावणीपाशी उभं राहायचं. नाहीतर गावाकडं जायचं, जिथं सगळं ठीक असल्याचं आत्ताच कळलं होतं. शहाणं माणूस बीडला गेलं असतं.

“मी घराकडं जाऊन येते,” मी म्हटलं.

“येडी झाली का?” पारूबाई म्हणाली. “तो माणूस तंबाखू खात बसलाय. हितं दावण मोडली तर जनावरं कुठं नेशील?”

“मला बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“ते खरंच माझी आठवण काढतेत का. न्हाई म्हणाले, की हे समदं खोटं. मंग बीडला जाते.”

खरं सांगते, मला काळजी नव्हती. मला खोटं पाडायचं होतं. चाळीस वर्षांत त्या माणसानं माझी आठवण काढली असेल तर फक्त मीठ कमी पडल्यावर.

“गिनतीला मी उभी राहते,” रशीदाबी म्हणाली. “आमचे हे तुमाला सोडतील.”

उस्मानभाईंची एम-एटी फटफटी होती. मी मागं बसले. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला गाडी उडायची आणि प्रत्येक उडीला मी उचकी द्यायची.

“काकू, धक्क्यानं बी थांबंना का?”

“गप चालवा.”

“न्हाई, म्हटलं, आमच्या गाडीनं लोकांचे मणके हालले, उचकी कुठली टिकते.”

वाटेत मी दोनदा नाव घेतलं. आता लाज मोडली होती. थांबायची, आणि पुढच्या वळणावर पुन्हा लागायची.

घराला बाहेरून कडी होती. कुलूप नाही. आत गेले तर टोपल्यात भाकरी कडक झालेली, तिला मुंग्या लागलेल्या. माठाच्या तळाला पाणी. मालक शिळी भाकर टाकणारे नव्हेत, आणि मुंग्यांना देणारे तर मुळीच नव्हेत. मी तशीच बाहेर आले. मी उस्मानभाईंना म्हटलं, “मळ्याकडं घ्या.”

विहिरीच्या काठावर गाळाचा ढीग होता, वरून वाळलेला. बाभळीच्या बुंध्याला दोर बांधलेला, तो विहिरीत सुटलेला. मी वाकून हाक मारली, “अहो!” काही नाही. पुन्हा “अहो!” माझाच आवाज खाली जाऊन वर आला. ऊन डोक्यावर होतं, खाली सगळा अंधार दिसत होता.

मग मी नाव घेतलं. विहिरीत तोंड घालून, जोरात.

खालून आवाज आला. बारीक, पण ऐकू येण्यासारखा.

“आलीस का... वरडू नको. माती पडती.”

सोमवारी दुपारी उतरताना विहिरीच्या भिंतीतला पाय ठेवायचा दगडी पायटा निखळला आणि ते खाली गेले. मांडीचं हाड मोडलं. खाली एका कोपऱ्यात झरा होता, ओंजळभर पाणी साठायचं, त्याच्यावर ते दोन रात्री राहिले. हाका मारून मारून घसा बसला होता. मळ्यात होतं कोण ऐकायला.

उस्मानभाईंनी गाडी पळवली आणि विठ्ठलला, दोन म्हाताऱ्यांना आणि एक बाज घेऊन आले. बाजेला चारी पायांशी दोर बांधले, उस्मानभाई स्वतः खाली उतरले, मालकाला त्यावर आडवं बांधलं, आणि सगळ्यांनी मिळून वर ओढलं. मी पण ओढलं. मालक वर येताना एवढंच म्हणाले, “म्हशी कुणापाशी ठेवल्या?”

विठ्ठल रडकुंडीला आला होता. “काकू, मी तुमाला खोटं न्हाई बोललो. काका पुडी घेऊन गेले ते... सोमवारी गेले असतील. दिवस समदे सारखे झालेत, गिऱ्हाईक न्हाई, काही न्हाई, काल कोणता आन् आज कोणता...” त्याचं खरं होतं.

जीपनं बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

आणि उचकी? ती कधी थांबली, मला ठाऊक नाही. जीपमधे बसल्यावर लक्षात आलं की ती नाहीये. आमच्या गावात आता सगळे सांगतात की विहिरीत आवाज दिला त्या क्षणी थांबली. मी ते सांगणार नाही. माझं तिकडं ध्यान नव्हतं. तसंच, ते पडले त्याच वेळी उचकी लागली असंही मी शपथेवर सांगणार नाही. दोन्ही सोमवारी दुपारी झालं, एवढं खरं. घड्याळ त्यांच्याजवळ नव्हतं आणि मी बघितलं नव्हतं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बाई, यात न कळण्यासारखं काय आहे? नवरा संकटात होता, बायकोची आठवण काढत होता, तिला उचकी लागली. असंच सगळे म्हणाले. मलाही तेच वाटायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं होतं.

पायाला वजन लावून मालकाला खाटेवर ठेवलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी, त्यांना जरा हुशारी आल्यावर, मी विचारलं.

“खाली असताना माझी आठवण काढत होता का?”

त्यांनी विचार केला. आमचा माणूस खोटं बोलत नसे, ही एक मोठी पंचाईत होती.

“न्हाई,” म्हणाले.

“अजिबात न्हाई?”

“तुझी काढून काय उपेग? तू छावणीत. मी विठ्ठलला हाका मारत होतो. मंग रामाच्या पोराला. मंग घसा बसला.” जरा थांबून म्हणाले, “तूच काढत व्हतीस की माझी.”

“मी?”

“मला उचकी लागली व्हती खाली. लई. सोमवारी सांजच्यापासून. म्हटलं, ही आठवण काढती. म्हणून तुझं नाव घेतलं. कौसल्या म्हटलं की थांबायची. पुन्हा लागायची, पुन्हा म्हणायचो.”

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

“मी तुमची आठवण काढत नव्हते,” मी म्हटलं. “मला उचकी लागली व्हती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी तर तुमचं नाव बुधवारी घेतलं.”

“मंग मला कुणाची लागली?”

“आन् मला कुणाची?”

शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, “पाव्हणं, भांडू नका, दवाखाना हाय.” आम्ही भांडत नव्हतो. आम्ही हिशोब लावत होतो, आणि तो लागत नव्हता.

मालकाला उचकी का लागली, हे त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. रिकामं पोट, गारठा, भीती, अंगावरचा मार. मला का लागली, ते आधीच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंच होतं. नाव घेतल्यावर का थांबली, तेही तिला नंतर भेटून विचारलं. ती म्हणाली, “मावशी, जे नाव एरवी घेत नाही ते घेताना माणूस श्वास रोखतो, मन दुसरीकडं जातं. थांबू शकते.” मला हेही पटलं. पण मग मी विचारलं, “पयल्या खेपेला असंल तसं. मंग पुढं इतक्यांदा घेऊन सवय झाली, तरी कावून थांबत व्हती?” ती म्हणाली, “ते मला सांगता येणार नाही.” तिचं मला आवडलं. माहीत नाही ते नाही म्हणाली.

मोजणीचं म्हणाल तर रशीदाबी दावणीपाशी छातीठोक उभी राहिली. साहेबानं विचारलं, “ही जनावरं कुणाची?” ती म्हणाली, “कौसाकाकूची. काकू उचकीच्या दवाखान्याला गेल्यात.” साहेब हसला आणि पुढं गेला.

त्यानंतर मी ही गोष्ट बरेच दिवस तपासत होते. साधी उचकी लागली की आधी मालकाचं नाव घ्यायचे. कधी थांबायची, कधी नाही. मग मुद्दाम विठ्ठल दुकानदाराचं नाव घेऊन बघितलं. त्यालाही एकदा थांबली. मालकाला लागली की त्यांनाही माझं नाव घ्यायला लावायचे. ते म्हणायचे, “तुला काम न्हाई का दुसरं?” पण घ्यायचे. त्यातून काही निघालं नाही. त्या तीन दिवसांत जे झालं ते तेवढ्यापुरतंच झालं. दोन माणसं, मधे एवढा रस्ता, दोघांनाही उचकी, दोघंही म्हणतात मी आठवण काढत नव्हतो. मग सुरुवात कुणी केली?

मालक लंगडत का होईना, पुढं पुष्कळ वर्षं हिंडले फिरले. दोन वर्षांमागं गेले. म्हातारपणानं, झोपेत. त्याचं मी काही लिहीत नाही, सगळ्यांचंच होतं.

गेल्या महिन्यात मला पुन्हा लांबलेली उचकी लागली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. साखर झाली, पाणी झालं, दम कोंडून झाला. नात म्हणाली, “आजी, नावं घे ना.” घेतली. सगळ्या जिवंत माणसांची घेतली, पारूबाईची आणि रशीदाबीची पण घेतली. नाही थांबली.

एकच नाव राहिलं होतं. ते मी घेतलं नाही.

मी प्रत्येक गोष्ट तपासून बघणारी बाई आहे, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. पण ही तपासली नाही. नाव घेऊन थांबली नसती तर वाईट वाटलं असतं. आणि थांबली असती, तर मग त्याचं मी काय करायचं? गार पाणी पीत बसले. दिवेलागणीला आपोआप गेली.

कुणाला यातलं काही उलगडत असेल तर कळवा. मला उलगडलेलं नाही.